सीताफळापासून परळपर्यंत

दिवाळीला यंदा सगळे आमच्याकडे होते. फराळाच्या बशा अजून हातात होत्या, तेवढ्यात विषय निघाला तो सईचा. सई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची नात. घरच्यांना हे सांगायला नको, पण इथे येणाऱ्या इतर वाचकांसाठी सांगते. तिनं शेतकीची पदवी घेतली, शेवटच्या वर्षी भुईमुगाच्या पानांवरच्या तांबेऱ्यावर काम केलं, आणि आता तिला कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करायचं आहे. एका संस्थेत मुलाखतीला गेली होती. तिथं एका परीक्षकांनी तिचे कागद चाळले आणि विचारलं, "तुमचं सगळं शेतीचं आहे. इकडं कशा काय?" पोरीला काही उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रडली.

आमचे भाऊजी चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "बरोबरच विचारलं त्यांनी. कॅन्सरच करायचा होता, तर चार वर्षं भुईमूग कशाला मोजले?"

सगळे हसले. मीही हसले, हे कबूल करते. (भाऊजी हे वाचणार आहेत, हे माहीत असूनच लिहिते आहे.)

रात्री मात्र झोप येईना. कारण 1985 च्या सुमारास माझ्याच वर्गातली एक मुलगी दहावीच्या निकालानंतर पेढे घेऊन घरी आली होती. वडिलांची शेती, हुशार पोर. "बाई, मला शेतकी कॉलेजात जायचंय," म्हणाली. मी तिला म्हटलं, "अगं, शेतकी शिकून मुलीनं काय करायचं? डी.एड. कर, नोकरी लागेल." तिनं डी.एड. केलं. नोकरीही लागली. भेटली की पाया पडते, आणि दरवेळी मला ते वाक्य आठवतं. तिला आठवतं की नाही, ते विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

मी इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. बी.ए. मराठी माध्यमातून. विज्ञानातलं मला जे कळतं ते वाचून आणि विचारून कळलेलं. पण 2021 च्या 8 नोव्हेंबरला सईनंच मला मोबाईलवर एक चित्र दाखवलं होतं. गुगलच्या पहिल्या पानावर सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेली एक साडीतली बाई. कमल रणदिवे, त्यांची 104 वी जयंती. तेव्हा "हो का, छान" म्हणून मी चष्मा काढून ठेवला होता. दिवाळीच्या त्या रात्री ती बाई आठवली, आणि पुढचे पंधरा दिवस मी तिच्याविषयी मिळेल ते वाचलं.

कमल समर्थ 1917 साली पुण्यात जन्मल्या. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलींना शिकवायचं हे घरात ठरलेलंच होतं. मुलगी हुजूरपागेत गेली, पुढे फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली. वडिलांची इच्छा होती की हिनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. तिनं दोन्ही केलं नाही. 1939 साली लग्न केलं ते जे. टी. रणदिव्यांशी, आणि ते गणिताचे. एम.एस्सी.साठी निवडलं ते पुण्याचं शेतकी कॉलेज!

आणि विषय कोणता, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. हे वाचून मी उठून बसले. सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा आणि बंगल्यांच्या कंपाउंडला उभा असतो तो उंच सरळ अशोक, ही सगळी एका कुळातली मंडळी. गुणसूत्रं म्हणजे पेशीच्या केंद्रात असणारे धाग्यासारखे तुकडे, ज्यांच्यावर आनुवंशिक गुण लिहिलेले असतात. पेशी दुभंगते तेव्हाच ते नीट दिसतात. सीताफळाच्या पेशीत ते 14 असतात. आपल्या पेशीत 46.

त्या काळी हे मोजायचे कसे, ते मला सईनं समजावून सांगितलं. फुलाची कोवळी कळी किंवा मुळाचं टोक घ्यायचं. रसायनात घालून पेशी आहे त्या अवस्थेत थांबवायच्या. मग ते मेणात बसवायचं, बारीक पात्यानं त्याचे इतके पातळ काप काढायचे की पलीकडचं दिसावं. काचेवर घेऊन रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचं. शंभर पेशी बघितल्यावर एखादी चांगली सापडायची. 1943 साली कमलाबाईंना एम.एस्सी. मिळाली.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या होत्या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 साली सुरू झालं होतं आणि तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. रोगनिदानशास्त्रातलं मोठं नाव. आता विचार करा. तिथं काम काय? गाठीचा तुकडा घ्यायचा, मेणात बसवायचा, पातळ काप काढायचे, रंगवायचे, बघत बसायचं. पात्याखाली कळीच्या जागी माणसाची नाहीतर उंदराची गाठ आली एवढंच. भाऊजींच्या भाषेत बोलायचं तर जिनं सीताफळ मोजलं होतं, तिचा हात तयार होता. हे कुठल्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही, हा माझा तर्क आहे. पण पंधरा दिवस वाचून केलेला आहे.

खानोलकरांकडे कमलाबाईंनी पीएच.डी. केली, 1949 साली. स्तनाच्या कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांमधल्या स्तनग्रंथींची तुलना, असा तो विषय. 'वाण' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. शेतकऱ्याला बियाण्याचा वाण जसा शुद्ध राखावा लागतो, तसे हे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वाढवून शुद्ध राखलेले असतात. एखाद्या वाणातल्या बहुतेक माद्यांना गाठी होतात, दुसऱ्यातल्या क्वचितच. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी 1936 मध्ये दाखवून दिलं होतं की गाठी होणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईला पाजायला दिली, तर त्यांच्यात गाठींचं प्रमाण खूप कमी होतं. म्हणजे रक्तातल्या वारशाखेरीज दुधातून काहीतरी येत होतं. तो विषाणू निघाला. (हे उंदरांचं आहे. आईच्या दुधाबद्दल कुणी मनात शंका आणू नये.) वारसा, विषाणू आणि शरीरातली संप्रेरकं यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न कमलाबाईंनी पुढे बराच काळ धरून ठेवला.

पीएच.डी.नंतर खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेला जायला सुचवलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या. आपल्याकडे जळगावच्या शेतकऱ्याला 'टिश्यूकल्चर' म्हटलं की केळीची रोपं आठवतात. तत्त्व तेच, फक्त इथं काचेच्या नळीत प्राण्याच्या किंवा माणसाच्या पेशी. हेच ते गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी पहिल्यांदा अखंड वाढत राहिल्या. ती बाई त्याच वर्षी गेली. तिला कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांना कळायला वीसेक वर्षं लागली, आणि त्या पेशींवर पैसा मिळवणाऱ्या एका कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली ती थेट 2023 मध्ये. विज्ञानाचा इतिहास वाचताना अशा जागी मला थांबावंसं वाटतं. असो.

मुंबईत 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. परत आल्यावर कमलाबाई तिथं रुजू झाल्या आणि त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे या टिश्यूकल्चरची, प्रयोगशाळा उभारली. पेशींना वाढायला लागणारं पोषक द्रव्यसुद्धा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इथंच तयार केलं. 1966 ते 1970 त्यांनी संचालकपदाची धुरा सांभाळली. एक गंमत सांगते. कर्करोगाच्या या केंद्रात 1958 मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून जंतू मिळवून ते प्रयोगशाळेत वाढवले. कुष्ठरोगाचा खरा जंतू अजूनही कृत्रिम खाद्यावर वाढत नाही, हा त्याचा नातलग निघाला. पण पुढे त्याच्यापासून कुष्ठरोगावरची लस तयार झाली आणि दक्षिण भारतात तिची मोठी चाचणीही झाली. कर्करोगवाल्यांनी कुष्ठरोगात कशाला डोकं घालायचं, असं तेव्हा कुणी दिवाळीच्या फराळाला म्हटलं असेल का, कोण जाणे.

सईला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आजी, एकटीचं उदाहरण आहे ते. अपवाद." मास्तरणीला अपवाद म्हटलं की राग येतो. मग आणखी शोधलं.

आत्ता वर मी माणसाची गुणसूत्रं 46 म्हणून सहज लिहून गेले. पण 1920 च्या दशकापासून तीस वर्षं सगळ्या पुस्तकांत 48 छापलेलं होतं. शिक्षक शिकवत होते, मुलं पाठ करत होती! डिसेंबर 1955 मध्ये स्वीडनमधल्या लुंड गावी जो हिन चिओ नावाच्या माणसानं काचेवरच्या पेशी नीट पसरल्या, मोजल्या, आणि पुन्हा पुन्हा 46 च आल्या. हा चिओ कोण? जावा बेटावर जन्मलेला, शेतकी शिकलेला, बटाट्याच्या नव्या जाती तयार करणारा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या तुरुंगात राहून आलेला. पुढे स्पेनमध्ये पिकांच्या सुधारणेची नोकरी करायचा आणि सुट्टीत लुंडला येऊन काम करायचा. ज्यांच्या प्रयोगशाळेत तो येई, ते आल्बर्ट लेव्हान मूळचे कांद्याच्या मुळांवर काम करणारे. कांद्याच्या मुळाचं टोक घ्यायचं, काचेखाली अंगठ्यानं दाबून चपटं करायचं, ही वनस्पतिवाल्यांची जुनी युक्ती. तीच माणसाच्या पेशींना लावली. पेशी ऐन दुभंगण्याच्या क्षणी थांबवण्यासाठी जे औषध वापरलं, त्याचं नाव कोल्चिसिन. आपल्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी फुलते ना, तिच्यातही ते असतं. विषारी असतं, पोरांना हात लावू देऊ नये.

निबंध 1956 साली छापला गेला, चिओचं नाव आधी आणि लेव्हानचं नंतर. त्यानंतर चारच वर्षांनी, 1960 मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असल्याचं आढळलं. कर्करोग आणि गुणसूत्र यांची गाठ पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली ती तिथं. नेहमीचं काय हे आधी पक्कं ठाऊक नसतं, तर आखूड काय हे कळलं असतं का? आणि त्या रोगावरची नेमकी गोळी 2001 साली बाजारात आली.

त्याच्याही मागे गेलं तर जर्मनीचे बोव्हेरी. समुद्रातल्या सागरी अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याची अंडी बघता बघता त्यांना वाटलं की गुणसूत्रांची वाटणी बिघडली की पेशी बहकते, आणि कर्करोग असाच होत असावा. हे त्यांनी 1914 साली पुस्तक लिहून मांडलं. स्वतः कर्करोगाचे रोगी तपासणारे ते नव्हते, अर्चिन बघणारे होते.

हे सगळं मी सईला लिहून पाठवलं. आणि भाऊजींनाही. भाऊजींचं उत्तर आलं, "वहिनी, अर्चिन काय असतं?" म्हणजे वाचलं तरी.

कमलाबाईंचं राहिलेलं थोडं सांगते. स्त्री-वैज्ञानिकांसाठी 1973 मध्ये मुंबईत जी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना निघाली, तिच्या त्या संस्थापक. वाशीला या संघटनेचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. पाळणाघर वाचून मला बरं वाटलं. पोर कुणाकडे ठेवायचं या प्रश्नापाशी किती बायकांचं शिक्षण अडकलं, ते आमच्या पिढीला विचारा. 1982 साली कमलाबाईंना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गेल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी, गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण, असं काम करत राहिल्या. म्हणजे शेवटी पुन्हा गावातच. 2001 साली त्या गेल्या. त्यांची ती जुनी संस्था आता टाटा मेमोरियलचा भाग म्हणून नवी मुंबईत खारघरला आहे.

माझ्या त्या विद्यार्थिनीचा फोन नंबर माझ्याकडे आहे. तिची धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे असं कानावर आलंय.

सईची पुढची मुलाखत गुरुवारी आहे, दुसऱ्या संस्थेत. "इकडं कशा काय?" असं पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, ते तिनं एका कागदावर लिहून काढलंय, मला दाखवत नाही. काल सासवडहून सीताफळं आली, त्यातली चार तिच्यासाठी बाजूला ठेवली आहेत. पिकायला बुधवार उजाडेल.