परत आलेला प्रबंध

ए.टी.के.टी. लागली की आमच्या वस्तीतली पोरं विहारात यायची बंद होतात. बाबासाहेबांच्या फोटोला तोंड कसं दाखवायचं! आम्हीही जयंतीला त्यांच्या पदव्या तेवढ्या मोजतो, ही गोष्ट सांगायची राहून जाते. ऑक्टोबर १९२२ मध्ये प.पू. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठास रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला. जवळचे पैसे संपत आलेले. एप्रिलात ते मुंबईस परतले. इथेच बसून त्यांनी प्रबंध नव्याने लिहिला, निष्कर्ष मात्र तेच ठेवले, नि ऑगस्टात पुन्हा लंडनला धाडला. नोव्हेंबरात तो मान्य होऊन डी.एस्सी. मिळाली. डिसेंबरात ग्रंथ छापून निघाला, आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला.