परसातले चुलाण

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचे पाणी आमच्याकडे कोकणात परसातल्या चुलाणावरच तापते. लग्नकार्याचा स्वयंपाकही तिथलाच. मला वाटले, दरवर्षी लिंपण्याचे हे लचांड कशाला? जांभ्याचा कट्टा नि मातीची चूल पाडून सगळे सिमेंटचे, कायमचे करून टाकावे. आई एवढेच म्हणाली, "बघ हो बाबा, विस्तवाशी गाठ आहे."

जांभा खाणीत सहज कापला जातो नि वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅननने मलबारात हे पाहिले आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून या दगडाला 'लॅटराइट' नाव दिले. आपल्या गवंड्यांना तो गुण केव्हाच ठाऊक होता. जुन्या गोव्यातले १६०५ सालचे बॉम जेझूस चर्च जांभ्याचेच!

पोर्टलंड सिमेंट त्या मानाने पोर. जोसेफ ॲस्पडिनने त्याचे पेटंट घेतले १८२४ साली. ते पाणी धरून घट्ट होते, आणि प्रखर विस्तवाजवळ तेच पाणी गमावून तडकते. माझे चुलाण दुसऱ्याच दिवाळीत, ऐन नरकचतुर्दशीला उभे फाटले!

मग कट्टा नि खांब पुन्हा जांभ्याचे केले, वर कौले घातली आणि विस्तवाच्या पोटाला मातीच ठेवली. कायमचे बांधायचे म्हणजे झिजणारा भाग सहज बदलता येईल असे बांधायचे, हे मला उशिरा उमगले.

आई आता नाही. दिवाळीआधी चूल मीच लिंपतो.