डिफरन्शिअल बेअरिंगची अकाली झीज

एसयूव्हीच्या मागच्या ॲक्सलमधील क्राऊन आणि पिनियन ही दंतचक्रे पेलणारी बेअरिंगे अपेक्षेच्या पुष्कळ आधी निकामी होणे. कोशांनी बेअरिंगला ‘धारवा’ म्हटले. गॅरेजात हा शब्द काही पोचला नाही. तिथे ‘क्राऊन वाजतोय’ एवढ्यावर निदान होते, आणि पुष्कळदा चुकते, कारण वाजत असते ते पिनियनचे बेअरिंग.

लातूर-नांदेड भागात ही तक्रार मुख्यतः सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ अशा शिडीच्या चौकटीवर बांधलेल्या, मागे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांची. त्यांच्या हाऊसिंगमध्ये पिनियनला दोन आणि क्राऊनच्या दोन बाजूंना दोन, अशी चार निमुळत्या रोलरची बेअरिंगे असतात. हा प्रकार घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये पेटंट केला. वरून येणारा आणि बाजूने रेटणारा असे दोन्ही भार तो झेलतो. सव्वादोन मीटर परिघाचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेते. ॲक्सलचे प्रमाण चारास एक धरले, तर पिनियन २४००. म्हणून आधी तेच बोलू लागते.

त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल मिळते ते क्राऊनने उडवलेले. पिनियनचे सील पाझरून पातळी उतरली की पहिली उपासमार त्याचीच. हाऊसिंगमध्ये मुळात दीड-दोन लिटर तेल; त्यातले अर्धा लिटर महिनोन्‌महिने थेंबाथेंबाने गेले तर खाली धुळीने माखलेल्या ॲक्सलवर ते कोणाला दिसणार?

पाण्याची वाट वेगळी. चाकूर, अहमदपूर, लोह्यावरून धावून तापलेली गाडी आडवाटेच्या फरशी पुलावर ओढ्याच्या पाण्यात उतरली की हाऊसिंगमधली हवा एकदम आकसते. हवा ये-जा करण्याचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. तेल दुधाळ होते, रोलरवर गंजाचे ठिपके उठतात, आणि काही महिन्यांनी त्या ठिपक्यांपासूनच पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. पावसाळ्यात शिरलेले पाणी दिवाळीनंतर ऐकू येते ते असे.

तेल ‘नव्वद नंबर’ म्हणून मागण्याची सवयही नडते. हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. क्राऊन-पिनियनच्या हायपॉइड दातांना जीएल-५ प्रतीचे तेल लागते. गिअरबॉक्ससाठीचे जीएल-४ही नव्वद नंबरचे असू शकते. ते घातले तर दात घासतात आणि त्यांचा कीस बेअरिंगात जातो.

जास्त माणसे भरल्याचा दोष सर्रास दिला जातो. तो निम्माच खरा. गाडीचे वजन थेट पडते चाकाच्या बेअरिंगवर. डिफरन्शिअलला सोसावा लागतो तो ओढीचा ताण. पण हा ताण स्वस्त नाही : रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर हिशेबाचे आयुष्य सुमारे दहावा हिस्सा उरते.

निदान कानाने होते, पण घाईने नव्हे. वळणावर आवाज बदलला तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना, ठराविक वेगालाच शिट्टी येत असेल तर दात. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर पिनियनच्या बेअरिंगची. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी लापशी असणे स्वाभाविक आहे. चमकती खपली नाही.

दुरुस्तीत खरा घोटाळा नव्या बेअरिंगच्या बसवणुकीत होतो. त्यांना नेमका आगाऊ ताण, म्हणजे प्रीलोड, द्यावा लागतो. पुष्कळ गाड्यांत तो पिनियनवरील दबणाऱ्या स्लीव्हने मिळतो. ही स्लीव्ह एकदाच दबते, त्यामुळे ॲक्सल उघडला की नवी घालावी लागते. जुनीच ठेवून नट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळला, तर बेअरिंग एक तर तापते किंवा खुळखुळते. मग क्राऊन-पिनियनचे दातही सरकून बसतात, आणि त्यांना रंग लावून ठसा पाहिला नसेल तर गाडी आधीपेक्षा मोठ्याने वाजत बाहेर पडते.