शहाजी आणि शरीफजी : नावांत जपलेला शुक्र

लहान मुलांना शुक्र शिकवणे वरवर सोपे वाटते. जेवण झाले की अल्हम्दुलिल्लाह, कोणी काही दिले की जजाकल्लाह. पहिलीतली मुले आठवड्याभरात हे पाठ करतात. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तोच मुलगा डबा उघडतो, ‘आज पण मेथीच’ म्हणतो आणि झाकण लावून टाकतो. शब्द तोंडपाठ झालेला असतो, पण पहाटे उठून चुलीपुढे उभी राहिलेली अम्मी त्या शब्दात आलेली नसते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांची मुळे शोधायची खोड आहे. मराठीत ‘कृतज्ञ’ म्हणजे आपल्यासाठी केलेले जाणणारा. अरबीत शुक्राच्या उलट शब्द येतो ‘कुफ्र’, आणि त्याचा मूळ अर्थ आहे झाकणे. बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यासाठीही कुरआनच्या सूरह हदीदमध्ये याच धातूचा शब्द आला आहे. थोडक्यात, उपकार झाकणारा तो नाशुक्रा आणि उपकार जाणून सांगणारा तो शाकिर. जाणायचे असेल तर आधी काय घडले ते माहीत हवे. म्हणून मला वाटते, शुक्राचा धडा दीनियातच्या तासाला सुरू होत असला तरी तो पुरा होतो इतिहासाच्या तासाला.

आपल्या राज्यात चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. तो शिकवताना मी मुलांना नकाशात दोन गावे दाखवतो, बारामती तालुक्यातले सुपे आणि पलीकडचे इंदापूर. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार होते. पुणे आणि सुपे हे परगणे त्यांच्या जहागिरीत होते. मालोजीराजे आणि उमाबाई यांना बरीच वर्षे मूल नव्हते. अहमदनगरचे सूफी संत शाह शरीफ यांच्यावर त्यांची श्रद्धा होती, तिथे त्यांनी नवस केला. पुढे दोन मुलगे झाले. थोरल्याचे नाव ठेवले शहाजी, धाकट्याचे शरीफजी. शिवरायांच्याच काळात कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथातही शाह शरीफ यांचा उल्लेख येतो.

मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. मुले लहान होती, काका विठोजीराजांनी त्यांना सांभाळले. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढताना मारले गेले. शहाजीराजांचे नाव तर पुढे दख्खनभर गाजले. म्हणजे एका आईबापाने मानलेले आभार त्यांच्या मुलांनी जन्मभर अंगावर वागवले. कोणी हाक मारली की ते आभार पुन्हा उच्चारले जात.

एकदा हे सांगताना चौथीतल्या एका मुलीने विचारले, “सर, मुलगा तर अल्लाह देतो ना? मग पीरबाबांचे नाव कशाला?” प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणालो, “बेटा, देणारा अल्लाहच. मागायचे त्याच्याकडे, सजदा त्यालाच. पण ज्याच्या हातून आपले भले होते त्याला विसरायचे का?” प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे, जो माणसांचे आभार मानत नाही त्याने अल्लाहचेही मानले नाहीत. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात. तिथेही अल्लाहने आपल्या शुक्राला लागूनच आईवडिलांचा शुक्र सांगितला आहे. मालोजीराजांची श्रद्धा त्यांच्या पद्धतीची होती, आपली तौहीदची आहे. पण त्यांनी उपकार झाकला नाही, एवढे तर आपण शिकूच शकतो.

त्या दिवशी गृहपाठ दिला : तुझे नाव कोणी ठेवले आणि का, घरी विचारून ये. दुसऱ्या दिवशी वर्ग ओळखू येईना. एकीचे नाव दादीने ठेवले होते. एकाचे, अब्बांना पहिली नोकरी लावून देणाऱ्या माणसाच्या नावावरून. एक मुलगा म्हणाला, माझ्या वेळी अम्मी फार आजारी होती, शेजारच्या मावशींनी रात्री गाडी काढून दवाखान्यात नेले, अकीक्याचा पहिला वाटा त्यांच्या घरी गेला. त्या मावशी मराठा. मुलाला हे आठ वर्षे माहीतच नव्हते. संध्याकाळी तो त्यांच्याकडे जाऊन सलाम करून आला.

आज मुलांच्या कानावर इतिहास येतो तो बहुतेक भांडणाचा. कोणी कोणाला मारले एवढेच उरते, कोणी कोणाचे आभार मानले ते झाकले जाते. आपली मुले शिवरायांचा धडा वाचताना अंग चोरून बसतात, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला शरीफजी हे नाव कुठून आले ते ठाऊक नसते. यात दोघांचेही नुकसान आहे.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि चाँदशाहवलींचा दर्गाही आहे. मुलांना घेऊन तिकडे जाल तेव्हा फोटो काढून परत फिरू नका. तिथे उभे राहून त्यांना ही दोन नावे सांगा. मग विचारा, आज तुझ्यासाठी कोणी काय केले? उत्तरात अम्मीची मेथीची भाजी आली, तर धडा पोहोचला असे समजा.