एक नंबर, दोन नंबर आणि एक रेग्युलेटर

गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकटीने जाहीर केलं की ती स्कूबा डायव्हिंग शिकणार, आणि सामानही स्वतःचंच घेणार. "बाबा, डेऱ्यातल्या एका दुकानात तोच रेग्युलेटर एजंटपेक्षा एक तृतीयांश स्वस्त आहे. सीलबंद खोका, तीच कंपनी. मग एजंटकडे कशाला जायचं?"

मंडळी, प्रश्न बिनतोड होता. वीसेक वर्षांपूर्वी मीही अगदी हाच हिशेब केला होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगतोच. पण तिला उत्तर द्यायला बसलो आणि गाडी भलतीकडेच, म्हणजे इतिहासात शिरली. (आमच्या घरी हे नेहमीचंच आहे!)

आपल्या मराठीत 'दोन नंबरचा माल' या एकाच शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. पहिली नकली वस्तू. दुसरी जकात चुकवून आणलेली, म्हणजे स्मगलिंगची. आणि तिसरी ही ग्रे मार्केटची. ह्यात माल अस्सल असतो, जकातही भरलेली असते, फक्त कंपनीने नेमलेल्या विक्रेत्याला वळसा घालून तो दुसऱ्याच देशातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला असतो. दुकानदार चोर नसतो. कंपनी त्याला ओळखत नाही, इतकंच.

माझ्या पिढीचा हा घोटाळा होणं साहजिक होतं. गिरगावात आमच्या काकांच्या मनगटावर सेको घड्याळ होतं, मुसाफिरखान्यातून घेतलेलं. ते चाळीत सगळ्यांना दाखवून झालं होतं. 'फॉरेनचा माल' म्हणजे चोरून आलेला, आणि चोरून आलेला म्हणजे चांगला, असं आमचं सरळ समीकरण! तो माल बहुतेक दुबईहून यायचा, आणि दुबईत तो अजिबात चोरीचा नसायचा.

सोन्याचंच बघा. १९४७ साली भारताने सोन्याच्या आयातीवर बंदी घातली आणि मुंबईतला भाव जगाच्या भावाच्या कितीतरी वर गेला. दुबईचे व्यापारी रीतसर पैसे मोजून लंडनहून सोनं आणायचे. दहा तोळ्यांची बिस्किटं गलबतात चढवायची, इथल्या कायद्याने त्यात काहीच गैर नव्हतं. गुन्हा व्हायचा तो भारताच्या सागरी हद्दीत. त्या काळी आखातात आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या बदल्यात इथे आलेले रुपये पौंडांसाठी परत रिझर्व्ह बँकेच्या दारात जायला लागले, तेव्हा १९५९ मध्ये भारताने आखातासाठी वेगळा रुपयाच छापला! जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि आखाती राज्यांनी एकेक करून त्याला रामराम ठोकला. आपल्याकडचा सुवर्ण नियंत्रण कायदा गेला १९९० मध्ये.

सांगायचा मुद्दा हा की एका बंदराचा एक नंबर तो दुसऱ्या बंदराचा दोन नंबर. आणि दुबई उभी राहिली ती ह्याच फरकावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणी किनाऱ्यावर जकात वाढली, तेव्हा लिंगेहचे व्यापारी खाडीच्या ह्या काठावर आले. इथे जकात नाममात्र होती. १९५९ नंतर शेख रशीद यांनी खाडीचा गाळ काढून घेतला. मग १९७२ चं पोर्ट रशीद, १९७९ चं जेबेल अली, १९८५ चा फ्री झोन. माल इकडून आणायचा आणि तिकडे पाठवायचा, हाच धंदा. अशा गावात 'अधिकृत' मार्गाबाहेरचा माल मिळणार नाही तर काय होणार?

पण गंमत म्हणजे ह्याच देशाने एजंटालाही भक्कम कवच दिलं. १९८१ च्या १८ क्रमांकाच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एजन्सी फक्त इथल्या नागरिकाला घेता यायची. ती मंत्रालयात नोंदवलेली असली, तर त्याच्या हद्दीत दुसऱ्याने विकलेल्या मालावरही त्याला कमिशन मागता यायचं, आणि बाहेरून आलेला तोच माल कस्टम्समध्ये अडवता यायचा. नोंदणी नसेल तर मात्र कायदा त्याला विचारत नसे. जून २०२३ पासून त्या जागी नवा कायदा आला आणि मुदत संपल्यावर एजंट बदलणं कंपन्यांना सोपं झालं. म्हणजे कुठला माल ग्रे आणि कुठला नाही, हे वस्तूवरून ठरत नाही, कागदावरून ठरतं.

पाण्याखालीही ही मक्तेदारी नवी नाही. इथल्या मोत्यांच्या पट्ट्यात बुडी मारणाऱ्याकडे सामान असायचं ते एवढंच : नाकाला हाडाचा किंवा कासवाच्या कवचाचा चिमटा (त्याला म्हणायचे 'फिताम'), गळ्यात जाळीची टोपली, पायाला दगड, आणि वर होडीत दोर धरून बसलेला 'सैब'. बुडणाऱ्याचा जीव त्या दोर धरणाऱ्याच्या हातात. होडीचा मालक नाखुदा. आपला कोळ्यांचा नाखवा त्याचाच भाऊबंद! मोती जायचे मुंबईच्या बाजारात. पाणबुड्यांची यंत्रं घेऊन शिरू पाहणाऱ्या बाहेरच्यांना इंग्रजांनी आणि शेखांनी ह्या पट्ट्यापासून लांबच ठेवलं होतं. पुढे १९२९ ची मंदी आणि जपानचे कृत्रिम मोती ह्यांनी सगळाच धंदा बुडवला.

इथल्या पाण्यातलं आधुनिक डायव्हिंग आलं ते तेलाच्या मागोमाग. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां ह्या दोन फ्रेंच माणसांनी 'ॲक्वालंग' बनवलं, म्हणजे मागणीप्रमाणे हवा देणारा रेग्युलेटर. १९५४ मध्ये कुस्तो आपलं 'कॅलिप्सो' जहाज घेऊन अबू धाबीच्या समुद्रात आले, तेल कंपनीसाठी तळ तपासायला. चार वर्षांनी तिथल्या उम्म शैफला तेल लागलं.

आता ह्या ॲक्वालंगचीच कहाणी ऐका. ब्रिटनमध्ये ते बनवण्याचा परवाना सीब गोरमन कंपनीकडे होता आणि त्यांची किंमत हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा तिथले पठ्ठे काय करायचे? स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर आणून, त्यात फेरफार करून त्यावर समुद्रात उतरायचे! आपल्या शेगडीचा रेग्युलेटर तोंडात धरून समुद्रात उतरायची कल्पना करा. तिकडे मेलबर्नमध्ये टेड एल्ड्रेडने पेटंटच्या बाहेर राहायचं म्हणून एकाच नळीचा रेग्युलेटर बनवला. आज आपण सगळे वापरतो ती हीच रचना. अधिकृत विक्रेत्याने भाव फार चढवला की माणसं वाट शोधतात. कधी ती जिवावर बेतते, कधी त्यातूनच सुधारणा होते.

आता माझं. २००६ साली, चाळिशीत, मी खोर फक्कानला डायव्हिंग शिकलो आणि डेऱ्यातून स्वस्तातला रेग्युलेटर घेतला. अस्सल होता, आजही सांगतो. फक्त त्यावरचा सिरियल नंबर घासून टाकलेला होता. माल कुठल्या देशातून फुटला हे कंपनीला कळू नये म्हणून असं करतात, हे मला फार उशिरा कळलं. दुकानदार म्हणाला, "शॉप वॉरंटी आहे ना, साहेब!" पुढे दुकान हललं आणि वॉरंटीही त्याच्याबरोबर गेली.

दोन वर्षांनी सर्व्हिसिंगसाठी एजंटकडे नेला. त्यांनी नंबर शोधला, मान हलवली. नोंद नाही, सुटे भाग देता येणार नाहीत. मी रागावलो. एका ओळखीच्या मेकॅनिककडून कामचलाऊ साफसफाई करून घेतली. टाकीत दोनशे बार दाब असतो. रेग्युलेटरचा पहिला भाग तो साधारण दहा बारवर आणतो आणि तोंडातला दुसरा भाग आजूबाजूच्या पाण्याइतका करतो. पहिल्या भागातली छोटीशी सीट झिजली की दाब तिथे थांबत नाही, हळूहळू चढत राहतो, आणि तोंडातून हवा धो धो सुटते. माझं नेमकं तेच झालं, अठरा मीटरवर. बुडबुड्यांत काहीच दिसेना, काटा डोळ्यांदेखत खाली चाललेला. बडीने आपला जादा रेग्युलेटर, ज्याला ऑक्टोपस म्हणतात, तो माझ्या तोंडात कोंबला आणि आम्ही दंडाला धरून सावकाश वर आलो. घरी मी हे बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. सौ.ला हा लेख वाचूनच कळेल.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात डेऱ्यातल्या दुकानदाराचा दोष नव्हता. रेग्युलेटर खोटा नव्हता, त्याची देखभाल झाली नव्हती. पण देखभाल होऊ शकत नव्हती, कारण त्याला नाव-गाव नव्हतं. वाचवलेल्या पैशांत मी तेच विकून टाकलं होतं.

धाकटीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग वाटाघाटी केल्या. मास्क, फिन्स, सूट जिथे स्वस्त मिळेल तिथून, कारण तो बिघडला तर फार तर पाणी शिरेल. रेग्युलेटर मात्र एजंटकडून, पण तिथेही डोळे झाकून नाही. दुकानात गेल्यावर तिने विचारलं, "हा नंबर माझ्या नावावर आत्ताच चढवाल का? आणि सर्व्हिस किट तुमच्याकडे आहे, की मागवावं लागतं?" पोराने दोन्ही दाखवलं. (शेवटी थोडी घासाघीसही केली, मराठी रक्त!)

आता ती ॲडव्हान्स्डची परीक्षा द्यायच्या तयारीत आहे. पास झाली की दुबईच्या किनाऱ्यापलीकडे बुडालेल्या 'झैनब' जहाजावर उतरायचं म्हणते. ते २००१ साली बुडालं तेव्हा त्यात इराकचं बंदी असलेलं, चोरून चाललेलं तेल होतं. एजंटकडून घेतलेला एक नंबरचा रेग्युलेटर लावून दोन नंबरच्या जहाजावर जायचं, आणि बडी म्हणून म्हाताऱ्या बापाला घ्यायचं, असं तिने ठरवलंय. मी माझा जुना रेग्युलेटर माळ्यावरून काढून तिला दाखवला. तिने तो हातात घेतला, घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि परत माळ्यावर ठेवायला सांगितलं.