दोन गावे, ६५० स्त्रिया आणि रकान्यात नसलेले आजार

१/ २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच दशकात या जंगलपट्ट्यातील दोन गावांत एक पाहणी झाली. स्त्री-आरोग्याच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे.

२/ तत्कालीन सरकारी आरोग्यसेवेत ग्रामीण स्त्रीची दखल मुख्यतः दोन नात्यांनी घेतली जाई: गरोदर माता आणि कुटुंबनियोजनाचे ‘उद्दिष्ट’. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासूनच चालू होता. परंतु गरोदर नसलेल्या स्त्रीच्या जननेंद्रियांच्या आजारांना त्यात फारसे स्थान नव्हते.

३/ या आजारांचे आकडे मिळत ते रुग्णालयांतून. मात्र लाज, अंतर आणि पैशांची अडचण ओलांडून जी स्त्री तेथे पोहोचे, तिचीच नोंद होई. घरी राहिलेल्या स्त्रिया मोजल्याच जात नसत.

४/ डॉ. राणी बंग या मूळच्या चंद्रपूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्या व डॉ. अभय बंग परतले आणि गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. रुग्णाची वाट न पाहता, तक्रार असो वा नसो, गावातील स्त्रियांची तपासणी करावी, असे ठरले.

५/ एकूण ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. सरासरी पाहता प्रत्येकीमागे ३.६ आजार. त्यांत निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा.

६/ तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच होत्या. म्हणजे किमान ३७ टक्के स्त्रिया आजारी असूनही त्यांची काही तक्रार नव्हती. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के.

७/ संततिनियमनाच्या साधनांमुळे हे घडले का? साधने वापरणाऱ्या स्त्रियांत आजारांचे प्रमाण अधिक दिसले. पण त्यातून एकूण आजारांच्या अल्प भागाचाच उलगडा होत होता.

८/ जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ग्रामीण स्त्रियांच्या या आजारांची ही पहिली समाजाधारित पाहणी होती. स्त्रीरोग व लैंगिक आजारांवरील उपचार प्राथमिक आरोग्यसेवेतच मिळावेत, ही तिची मागणी.

९/ १९९४ च्या कैरो परिषदेने ‘प्रजनन आरोग्य’ ही व्यापक संकल्पना स्वीकारली. भारताने १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची सक्तीची उद्दिष्टे मागे घेतली आणि १९९७ च्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमात जननमार्गाच्या संसर्गावरील उपचारांचा समावेश केला.

१०/ म्हणूनच जुनी सरकारी दप्तरे वाचताना एक सावधगिरी हवी: त्यांत ज्या आजाराला रकाना नाही, तो आजार समाजात नव्हता असे मानू नये.