तळटीप : मसाई पठारावरची पिवळी फुले
१. मसाई पठार पन्हाळ्याच्या पश्चिमेस आहे. लेखकाने फुलाचे नाव दिलेले नाही. मात्र चांदणीसारख्या पसरलेल्या पाकळ्यांच्या वर्णनावरून ती सोनकी, म्हणजे सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस, ठरते. सोनकी सूर्यफुलाच्या कुळातली. तिचे एक वाटणारे फूल हा अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. त्याच सुमारास फुलणारा कवला, म्हणजे स्मिथिया, हाही पिवळाच. पण तो वाटाण्याच्या कुळातला. त्याच्या पाकळ्या असमान असतात आणि पान लहान पर्णिकांचे बनलेले असते. दोन्ही सप्टेंबरात बहरतात. फूल न तोडता, नुसत्या पाकळ्या पाहूनही फरक कळतो.